टीव्हीचा एक एचडीएमआय पोर्ट बंद आणि दुसरा हलवला की चालतो. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक आणि साउंडबार कसे जोडायचे?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, विजांच्या पावसानंतर एचडीएमआय १ वर चित्र येईनासं झालं, एचडीएमआय २ पिन दाबून धरली की चालतो आणि एव्ही, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जुनी जोडणी, शाबूत आहे. मेकॅनिक बोर्ड बदलायला सांगतोय, पण एवढा खर्च सध्या करायचा नाही. मी टीव्ही दुरुस्तीचंच काम करतो. तुमच्या तिन्ही वस्तू बोर्ड न बदलता चालतील, फक्त कोणती कुठे लावायची हे ठरवावं लागेल.

आधी एचडीएमआय १ खरंच गेलाय का ते बघा. टीव्ही आणि बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा, सगळ्या एचडीएमआय केबल काढा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. एचडीएमआयमध्ये चित्र येण्याआधी दोन्ही उपकरणं एकमेकांची ओळख पटवतात: टीव्ही कोणतं रिझोल्युशन दाखवू शकतो, कॉपी-संरक्षण जुळतंय का, वगैरे. वीज गेली-आली की ही ओळख कधी कधी अडकते आणि चांगल्या पोर्टवरही ‘नो सिग्नल’ येतं. मग चालू असल्याची खात्री असलेल्या केबलने एकदा बॉक्स आणि एकदा फायर स्टिक लावून बघा. दोन्ही चाललं नाही, तरच पोर्ट गेला म्हणायचं.

तुमच्या दोन पोर्टांचे आजार वेगळे आहेत. पूर्ण बंद पडलेल्या पोर्टमागची चिप बहुधा भाजलेली असते. हलवल्यावर चालणाऱ्याची चिप ठीक असते. सॉकेटच्या १९ बारीक पिनांपैकी एखादीचं सोल्डर सुटलेलं असतं किंवा सॉकेट सैल झालेलं असतं. दुसऱ्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही. हॉट एअरवर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवून, काम करणाऱ्या कारागिराकडून सॉकेट बदलून घेता येतं आणि ते काम बोर्डाच्या मानाने स्वस्तात होतं. टीव्ही न उघडताच बोर्ड बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

आता जोडणी. फायर स्टिकला एचडीएमआयखेरीज दुसरा मार्गच नाही, म्हणून एचडीएमआय २ तिच्यासाठी ठेवा. मात्र ती थेट पोर्टात लटकवू नका, तिच्या वजनानेच सॉकेट सैल होतं. तिच्या खोक्यात वीतभर लांबीची एक्स्टेन्शन केबल बहुतेक वेळा मिळते. ती पोर्टात नीट बसवा, चित्र स्थिर आलं की टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीने किंवा केबल टायने पक्की करा आणि पुन्हा काढू नका. इथून पुढे जी काढघाल होईल ती केबलच्या दुसऱ्या टोकाला. स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या अडॅप्टरने द्या. टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशोबाने असतो, तेवढ्यावर ती मध्येच बंद-चालू होत राहते.

सेट-टॉप बॉक्स एव्हीवर टाका. बॉक्सला तीन रंगांची भोकं असतील तर प्रश्नच नाही. नुसतं ३.५ मिमीचं भोक असेल तर त्याची केबल लागते, आणि ही केबल घेताना बरेच जण फसतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या केबलींमध्ये पिनेवरच्या कड्यांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. आवाज येतोय आणि चित्र नाही, किंवा आवाजात घरघर आहे, असं झालं तर पिवळी, पांढरी, लाल टोकं आपसात बदलून बघा. तरीही जमलं नाही तर त्या बॉक्ससाठीचीच केबल मागवा.

एव्हीवर चित्र मऊ दिसणार, हे आधीच सांगतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्यातून ५७६ ओळींचं चित्र येतं, फुल एचडीत १०८०. बातम्या आणि मालिकांना ते पुरतं, पण क्रिकेटच्या धावफलकातले बारीक आकडे पुसट दिसतील. ते नको असेल तर बॉक्सही एचडीएमआय २ वरच आणा: एक्स्टेन्शनच्या टोकाला एचडीएमआय स्विच लावा, त्यात बॉक्स आणि स्टिक दोन्ही जोडा आणि बटणाने हवं ते निवडा. दुकानात ‘स्विच’ म्हणूनच मागा. स्प्लिटर उलटं काम करतो, एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना देतो, आणि दिसायला दोन्ही डबे सारखेच असतात.

साउंडबार एचडीएमआयवर अडवून ठेवू नका. ‘एआरसी’ची, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारला देण्याची, सोय बहुतेक टीव्हींना एकाच पोर्टावर असते आणि तुमच्याकडे तो पोर्ट मेलेला असू शकतो. टीव्हीमागे ऑप्टिकल आउट असेल तर ती केबल लावा, आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट निवडा आणि आवाज आला नाही तर फॉरमॅट ‘पीसीएम’ करा. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या तारेतून झटका पुढे सरकत नाही. तुमच्या घरी हे महत्त्वाचं आहे.

उद्या एचडीएमआय २ ही गेला, तर ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर मिळतो. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हा उलट्या दिशेचा, तो घरी आणून काही उपयोग नाही. ‘एचडीएमआय टू एव्ही’वर पाल-एनटीएससी या चित्राच्या दोन पद्धतींमधून निवडायचं बटण असतं. चित्र काळं-पांढरं आलं किंवा सरकायला लागलं तर ते बदलायचं. काही ॲप कॉपी-संरक्षणामुळे अशा कन्व्हर्टरवर चित्र दाखवत नाहीत. तुमचा टीव्ही स्मार्ट असल्याने तेव्हा त्याच्यातलीच ॲप वापरा, त्यांना कुठलाच पोर्ट लागत नाही.

आता कारणाकडे वळू, नाहीतर दुसरा पोर्टही असाच जाईल. विजेच्या दिवसांत झटका बहुधा गच्चीवरून येणाऱ्या डिश किंवा केबलच्या तारेतून बॉक्समध्ये शिरतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीत उतरतो. भिंतीचा प्लग काढला तरी ती तार लागलेलीच राहते. ढग गडगडायच्या आधीच प्लग आणि बॉक्समागची गोल तार, दोन्ही काढून ठेवा. विजा सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका. एरवीही एचडीएमआय लावताना-काढताना सगळी उपकरणं भिंतीवरून बंद हवीत. त्या गोल तारेच्या धातूला टेस्टर लावून बघा. तो ठळक पेटला तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि केबलवाल्याकडून त्यांचा ॲम्प्लिफायर तपासून घ्या. तोपर्यंत नवा स्विचसुद्धा लावू नका.

सॉकेटसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, या भागांत विचारलंत तर चिप लेव्हलला, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे सुटे भाग बदलण्याचं, काम करणारे भेटतील. टीव्हीच्या मागच्या पोर्टांचा आणि बॉक्सच्या पाठीचा फोटो टाका, कोणती एव्ही केबल लागेल ते बघून सांगतो.