वरण त्याने तुमच्याकडे मागितलंय

ताई,
बारा वर्षांपासून आम्ही युटात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. एकुलता एक मुलगा अठराव्या वर्षी मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेला आणि कॉलेज अर्धवट ठेवून दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, इंग्लंडला, लीड्सला गेला. पगार नाही, उलट दरमहा पैसे आम्हीच भरतो. आठ महिने झाले. जायच्या आधी घरात चहासुद्धा घेईनासा झाला होता. दर सोमवारी त्याची ईमेल येते. तिच्यात 'या आठवड्यातल्या छोट्या कृपा' अशी यादी असते: पाऊस थांबला, एका आजोबांनी दार उघडलं, कुणी लोकरीचे मोजे दिले. मला ती वाचवत नाही. यासाठी वाढवला का त्याला? सोमवारी फोनही करतो, पण तेव्हा माझी ऑफिसची मीटिंग असते, हेच बोलतात. मागे एकदा मला वरण कसं करतात विचारलं, मी म्हटलं यूट्यूबवर बघ. सांगलीला सासूबाईंना काय सांगू? त्याला परत कसं आणू?
– एक आई

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वरणाशी अडखळले. जाता जाता लिहून टाकलेली ओळ आहे ती. मुलाने वरण कसं करतात विचारलं आणि तुम्ही 'यूट्यूबवर बघ' म्हणालात.

मिशनवरच्या मुलांकडे फोन असतो तो कामापुरता. त्यावर काय चालेल हे चर्च ठरवतं, वाटेल ते लावून बघत बसायची मुभा नसते. म्हणजे त्याला तुम्ही बंद दाराकडे पाठवलंत. आणि बंद दारं तो पोरगा लीड्सच्या पावसात रोजच बघतोय.

त्याचा दिवस कसा जातो, हे तुम्ही कधी विचारलंत का? सकाळी साडेसहाला उठायचं. प्रार्थना, व्यायाम, वाचन, मग सोबत्याबरोबर बाहेर. तो सोबतीही त्याने निवडलेला नसतो, आणि आवडो न आवडो, त्याला नजरेआड करायचं नाही. जरा सूर जुळतात तोवर बदली होते. रात्री साडेदहाला दिवा बंद. सोमवारी तेवढे संध्याकाळी सहापर्यंतचे तास मोकळे. त्यात कपडे धुवायचे, सामान आणायचं, केस कापायचे आणि घरी बोलायचं.

2019 च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. तुमच्या आसपासच्या कितीतरी मॉर्मन आयांनी त्या दोन फोनांवर वर्षं काढली आहेत. तुम्हाला तो दर आठवड्याला येतो आणि तुम्ही तो नवऱ्याच्या हातात देता. आठ महिन्यांत एकाही सोमवारी ती मीटिंग पुढे ढकलता आली नाही, हे मला पटत नाही. तुम्ही रागावला आहात, आणि मीटिंगची आयती सोय झाली आहे.

त्याच्या छातीवरची काळी पट्टी आठवा. तिच्यावर चर्चच्या नावाबरोबर 'एल्डर' ही मिशनवरच्या मुलांची उपाधी आणि तुमचं आडनाव, एवढंच आहे. सोबतीसुद्धा त्याला एल्डर अमुक म्हणतो. तुम्ही पाळण्यात घातलेलं नाव तिथे कुणी उच्चारत नाही. ते त्याच्या कानावर पडतं सोमवारच्या फोनवर, आणि तेही फक्त वडिलांच्या तोंडून.

माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवून शिकले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. म्हातारपणी त्यांचे सगळे श्लोक विस्मरणात गेले, पण गुरुवारच्या घरच्या काकू कुणाच्या नकळत ताटात जास्तीचं तूप सोडायच्या, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. मिशनवरच्या मुलांनाही चर्चमधली कुटुंबं अशीच आळीपाळीने जेवायला बोलावतात. तुमच्या मुलाच्या यादीतले ते लोकरीचे मोजे म्हणजे गुरुवारचं तूप आहे हो! परक्या गावात दिवसभर लोकांच्या दारात उभं राहिल्यावर कुणी कुणी मायेने वागवलं, हे तो तुम्हाला कळवतोय. काढा त्या सगळ्या ईमेल आणि पुन्हा वाचा.

त्याने चहा सोडला तेव्हा तुम्हाला वाटलं, घरच सोडलं. चहा-कॉफी त्यांच्या नेमात बसत नाही, म्हणून सुटली. वरण बसतं. आणि ते त्याने मागितलंय, तुमच्याकडे.

परत कसं आणायचं, हे मी सांगणार नाही. मुलगा सज्ञान आहे, सोळा महिन्यांनी आपल्या पायांनी येईल. श्रद्धेवरून भांडायचं असेल तर तेव्हा समोर बसून भांडा. सासूबाईंना सांगा, नातू इंग्लंडमध्ये आहे, धडधाकट आहे आणि वरण करायला शिकतोय. पण आधी ते खरं करा.

येत्या सोमवारी रजा टाका. रविवारीच ईमेलने यादी पाठवा: तूरडाळ, हळद, हिंग, जिरं, तूप, गुळाचा खडा. लीड्समध्ये देशी दुकानं आहेत, सगळं मिळेल. कुकर नसणार, तेव्हा सकाळी उठल्या उठल्या डाळ भिजत घाल म्हणावं. लीड्स तुमच्या सात तास पुढे आहे, म्हणजे त्याचे दुपारचे तीन तेव्हा तुमचे सकाळचे आठ. तुम्हीही तेव्हाच आपल्या शेगडीवर डाळ चढवा आणि फोन समोर टेकवून ठेवा. आधी त्याला नावाने हाक मारा, घरच्या नावाने. डाळ शिजेपर्यंत पाऊण तास आहे, त्यात मोज्यांबद्दल विचारा. सोबत्यालाही बोलावून घ्या, तो तिथेच असेल आणि त्यालाही भूक लागलेली असेल. आणि जिरं तडतडलं की गॅस बंद करून मगच हिंग घालायला सांगा, पहिल्या खेपेला सगळ्यांचाच करपतो.