हाइटचं राहू दे, शेवटची पाच मिनिटं बघितलीस का?

अरे बाळा,

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली. पहिल्यांदा मागच्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू आल्या. दुसऱ्यांदा कळलं की तू वैतागलायस. "सर, इंडिया बास्केटबॉलच्या आशिया कपमध्ये कधी पुढे जाणार, आपल्याकडे हाइटच नाहीये, मग मी पाच फूट नऊचा कशाला मरमर करू." फोनवर बोललो असतो तर तू "हो सर, हो सर" करून मोकळा झाला असतास, म्हणून लिहून पाठवतोय. मोठं झालंय, पण बसून वाच, ग्राउंडवर जाता जाता नको.

आधी जेद्दाहचं बोलू, कारण तुझा सगळा राग तिथला आहे. ऑगस्ट २०२५, आशिया कप, आपल्या ग्रुपमध्ये चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी, तीन मॅच खेळलो आणि तिन्ही हरलो. २०२२ ला जकार्तात पण तिन्ही हरलो होतो आणि २०१७ ला बैरुतमध्ये पण तेच. रिझल्टच्या कागदावर तिन्ही वर्षं सारखीच दिसतात, म्हणून तू म्हणतोस की काहीच बदललं नाही. चीनने आपल्याला १००-६९ ने धुतलं, तिथे मी काही बोलणार नाही, त्या दिवशी ते सगळ्याच बाबतीत वरचढ होते. पण जॉर्डनची मॅच तू नीट बघितलीस का? की सकाळी उठून फक्त स्कोअर बघितलास, ९१-८४, हरलो, विषय संपला?

ती मॅच ओव्हरटाइमला गेली होती रे. म्हणजे चाळीस मिनिटं आपण जॉर्डनच्या बरोबरीत होतो, आणि जॉर्डन म्हणजे वर्ल्ड कप खेळणारी टीम. आणि ते सात पॉइंट कधी गेले, तर पुढच्या पाच मिनिटांत. आता मला सांग, त्या पाच मिनिटांत आपली पोरं दोन इंच बुटकी झाली का? चाळीस मिनिटं जी हाइट पुरली ती नेमकी तेव्हाच कमी पडली का?

त्या पाच मिनिटांत काय होतं ते मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. आमच्या वेळची एका आंतरजिल्हा स्पर्धेची सेमीफायनल, सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळची वेळ, एका बाजूचा दिवा फडफडत होता. एक पॉइंटने पुढे होतो आणि नऊ सेकंद राहिले होते. बॉल बाहेरून आत टाकायचा होता आणि तो टाकायला मी. एवढंच काम, आत कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि घड्याळ संपू द्यायचं. रेफ्रीने बॉल माझ्या हातात दिला आणि मला एकही माणूस मोकळा दिसेना. खरं म्हणजे एक होता, डावीकडे कोपऱ्यात, नंतर सगळ्यांनी सांगितलं. मला तो दिसलाच नाही, मी उजवीकडेच बघत राहिलो, कारण पाय इतके गेले होते की मान वळवायचं पण सुचत नव्हतं. कोच टेबलकडे टाइमआउट मागत ओरडत होते, पण एकदा बॉल टाकणाऱ्याच्या हातात आला की टाइमआउट मिळत नाही, हे तुला माहितीय ना? नसेल तर आजच माहीत करून घे. पाच सेकंद झाले, शिटी वाजली, बॉल त्यांचा, आणि त्यांनी साधा लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन सोपा बॉल टाकून मॅच नेली. माझी हाइट त्या टीममध्ये सगळ्यात जास्त होती बरं का.

तर मुद्दा असा आहे की आशियात वर जायला आपल्याला काय लागतं ते आधी आकड्यात बघ. फॉर्मॅट साधा आहे. सोळा टीम, चार ग्रुप, ग्रुपमधला पहिला थेट क्वार्टर फायनलला, दुसरा आणि तिसरा एक जादाची मॅच खेळून आत शिरतात, फक्त चौथा घरी जातो. म्हणजे शेवटच्या आठात यायला चीनला हरवायची गरजच नाहीये. ग्रुपमध्ये एक मॅच काढून तिसरं यायचं आणि मग ती जादाची मॅच काढायची. दोन मॅच. त्यातली पहिली आपण जेद्दाहला ओव्हरटाइमपर्यंत नेली होती. आपली लायकी काय असं कुणी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की मी एवढंच सांगतो, आणि उगाच मेडल-बिडलच्या गप्पा कुणी मारायला लागलं तरी तेवढंच सांगतो.

जुने लोक १९७५ चं सांगतील तुला, बँकॉकला आपण चौथे आलो होतो, आणि ते खरंय, त्यापेक्षा वर आपण कधीच आलो नाही. पण तेव्हाचा आशिया वेगळा होता. कझाकस्तान तेव्हा सोव्हिएतमध्ये होता, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड तर २०१७ पासून या स्पर्धेत आलेत. ऑस्ट्रेलिया आल्यापासून तीनदा स्पर्धा झाली आणि तिन्ही वेळा त्यांनीच नेली, अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये खेळणारे मोठे खेळाडू न आणता. आणि तरी बघ, जेद्दाहची फायनल ९०-८९. चीनसारखी टीम एका पॉइंटने हरली. त्यांच्याकडे हाइट कमी होती असं म्हणशील का?

आपल्याकडे उंच पोरं नव्हती असंही नाहीये. सतनाम सिंग सात फूट दोन, २०१५ ला एनबीएतल्या डॅलसच्या टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ५२ व्या नंबरला घेतला, पंजाबातल्या एका लहानशा गावातला पोरगा. अमृतपाल, अमज्योत, हे काय बुटके होते का? अमज्योत तर अमेरिकेत जी लीग, म्हणजे एनबीएच्या खालची लीग, खेळून आला. त्या काळात आपण चांगलं खेळलोही, २०१४ ला वुहानला जाऊन चीनला ६५-५८ ने हरवलं (ती स्पर्धा वेगळी आणि छोटी होती, आताचा आशिया कप नव्हे, पण चीनमध्ये जाऊन चीन, म्हणजे मी त्या रात्री बायकोला उठवून सांगितलं होतं, तिने "बरं" म्हणून कूस बदलली). २०१५ ला चीनमधल्याच चांगशाला, आताच्या आशिया कपच्या मूळ स्पर्धेत, आठवे आलो. त्या टीमला विशेष भृगुवंशी नावाचा गार्ड होता, वाराणसीचा, बॉल हातात घेऊन सगळ्यांना जागेवर लावणारा. उंच माणूस रिंगखाली हात वर करून उभा आहे ते ठीक आहे, पण त्याच्या हातात वेळेवर बॉल कोण देणार?

इराणचं बघ ना. २००७ पर्यंत त्यांनी एकदाही ही स्पर्धा जिंकली नव्हती, मग २००७, २००९, २०१३ अशी तीनदा जिंकली. सगळे हद्दादी हद्दादी करतात, सात फुटांच्या वर होता, मान्य. पण त्या टीममध्ये मेहदी कामरानी नावाचा गार्ड होता, त्याच्या जुन्या मॅच शोधून बघ, हद्दादीकडे बॉल कधी द्यायचा नाही हे त्याला कळायचं. आणि जपान तर तुझ्यासाठीच आहे. त्यांचे गार्ड बघ, तोगाशी १६७ सेंटीमीटर, कावामुरा १७३ च्या आसपास, म्हणजे दोघंही तुझ्यापेक्षा बुटके. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये जपान आशियातला पहिला आला आणि पॅरिस ऑलिम्पिकला गेला. पण त्याच्या मागचं कुणी सांगत नाही. २०१४ ला जपानला फीबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, सस्पेंड केलं होतं, कारण त्यांच्याकडे दोन लीग होत्या आणि भांडणं मिटत नव्हती. मग दोन्ही एकत्र करून २०१६ ला बी लीग सुरू झाली, आणि तिथली पोरं सीझनभर दर आठवड्याला मॅच खेळायला लागली.

इथेच आपलं दुखणं आहे, आणि इथे मला तुला खोटा धीर द्यायचा नाहीये. आपला चांगला खेळाडू वर्षात खरोखर अटीतटीच्या मॅच किती खेळतो? सीनियर नॅशनल्स, फेडरेशन कप, रेल्वे किंवा सर्व्हिसेसच्या आपापसातल्या स्पर्धा, दोन-चार ऑल इंडिया टुर्नामेंट. त्यातल्या निम्म्या मॅच वीस-तीस पॉइंटने सुटतात. २०१५ ला यूबीएची लीग आली, दोन-तीन वर्षं चालली, बंद पडली. आता आयएनबीएल आहे, ती टिकली तर बरं होईल. आणि मग तोच पोरगा एकदम आशिया कपमध्ये जॉर्डनसमोर शेवटच्या दोन मिनिटांत उभा राहतो. तो सराव कुठे करायचा त्याने? त्यात बाकीच्या टीम बाहेरचा एक खेळाडू नागरिकत्व देऊन घेतात, नियमात तेवढं बसतं, फिलिपिन्सचा ब्राउनली तसाच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही आणि परदेशी पासपोर्टवाला भारतीय वंशाचा पोरगा पण खेळवत नाहीत, २००८ पासून सरकारचं धोरणच तसं आहे. न्यू जर्सीत वाढलेला एखादा कुलकर्णी कितीही भारी खेळत असला तरी त्याचा आपल्याला उपयोग शून्य. मला ते धोरण पटत नाही, पण तू त्यावर डोकं खपवू नकोस, ते तुझ्या हातात नाही.

पण एक गोष्ट चांगली चाललीये आणि ती तुला कुणी सांगितली नसेल. जेद्दाहला आपण आपोआप गेलो नव्हतो. मार्च २०२५ ला बहारीनमध्ये शेवटची क्वालिफायर झाली, तिथे इराकला आणि बहारीनला, म्हणजे घरच्या टीमला, दोघांनाही हरवून गेलो. स्कॉट फ्लेमिंग कोच, तोच जो वुहानच्या वेळी होता. आणि आशिया कपच्या सोळांत आलं की पुढच्या वर्ल्ड कपच्या क्वालिफायर मॅच मिळतात, घरी एक आणि त्यांच्याकडे एक अशा. त्या मॅच हरलो तरी मला चालतं, खरंच सांगतो, कारण लेबनॉन किंवा कतारसारख्या टीमसमोर चाळीस मिनिटं उभं राहायला मिळणं हेच आपल्याकडे दुर्मिळ आहे.

मुलींचं पण बघत जा, तुम्ही पोरं बघतच नाही. २०१७ ला बंगळुरूला महिला आशिया कपच्या डिव्हिजन बीची, म्हणजे खालच्या गटाची फायनल, कझाकस्तानविरुद्ध ७५-७३. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या टीममध्ये होती. दोन पॉइंटची मॅच आपल्या मुलींनी काढली आणि वरच्या डिव्हिजनला गेल्या. २०१९ ला तिथे आठपैकी आठव्या आल्या ते पण खरंय. वर गेलं की असा मार पडतोच.

आता तुझं. पुढचा आशिया कप २०२९ ला, तू तेव्हा वीस-एकवीसचा असशील. तू त्या टीममध्ये असशील असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पण तुझा खेळ मला माहितीय. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये तू पोरांना नाचवतोस आणि चौथ्यात तुझा डावा हात गायब होतो. गेल्या महिन्यातल्या मॅचमध्ये प्रेस लागला, म्हणजे ते अंगावर येऊन अडवायला लागले, की तू प्रत्येक वेळी उजवीकडेच गेलास, मी मोजलं, नऊ वेळा, त्यांच्या कोचने ते पाचव्या वेळी ओळखलं आणि तिथे दुसरा माणूस आणून उभा केला. मग तू टप्पे थांबवून बॉल दोन्ही हातांत उचललास, आणि एकदा उचलला की संपलं. याच्यात हाइट कुठे आली?

म्हणून यापुढे फ्री थ्रो सुरुवातीला ताज्या पायांनी मारायचे नाहीत. आधी पळायचं, या लाइनपासून त्या लाइनपर्यंत, श्वास लागेपर्यंत, आणि मग दोनच मारायचे. दोन झाले की परत पळायचं. मॅचमध्ये कुणी तुला सलग वीस देत नाही, दोनच देतात, आणि ते पण मेलेल्या पायांनी मारावे लागतात. नियमांचं पुस्तक वाच. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर आपला बॉल पुढच्या कोर्टातून टाकता येतो, ओव्हरटाइमला एकच टाइमआउट असतो, हे पॉइंट गार्डला झोपेतून उठवून विचारलं तरी यायला पाहिजे. आणि हायलाइट्स बघणं बंद कर, डंक बघून तुला काय मिळणार आहे. एखाद्या मॅचचा फक्त चौथा क्वार्टर बघ, आणि बॉलकडे बघू नकोस, बॉल नसलेला गार्ड काय करतोय ते बघ.

वेळ मिळाला की एकदा मुंबईला नागपाड्याला जाऊन ये, मस्तान तलावाच्या मैदानावर. अब्बास मुंतसिर त्याच भागातले, इंडियाचे कॅप्टन, १९७० चे अर्जुन पुरस्कारवाले. संध्याकाळी तिथे खेळायला उतरलास तर चाळिशीतला एखादा पोट सुटलेला माणूस तुला कोपर मारून बॉल काढून घेईल आणि वर हसेल. ते तुला लागणार आहे.

बारावीचं म्हणशील तर दे, व्यवस्थित दे. क्लास सोडतो वगैरे आईला सांगितलंस असं कळलं, ते मागे घे. आपल्याकडे खेळाडूचं पोट अजूनही रेल्वे, सर्व्हिसेस, ओएनजीसी आणि बँकांच्या नोकरीवरच चालतं आणि तिथे पण मार्कशीट मागतात. क्लास सातला सुटतो ना तुझा, मग साडेसात ते नऊ ग्राउंड रिकामंच असतं, वॉचमनला मी सांगून ठेवतो, दिवा एकच लावेल पण लावेल.

रविवारी सहाला ये, सकाळी. बॉल मी आणतो, तुझ्या त्या बॉलची ग्रिप पार गेलीये. आणि धाकट्या भावाला घेऊन ये, डावीकडून कुणीतरी अंगावर यायला पाहिजे.

सर