फोनच्या पलीकडे कोण होतं?

गेल्या अंकात अमेरिकन विनोदवीर बॉब न्यूहार्ट (१९२९–२०२४) याच्यावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या: आधी हिशेबनीस, मग रंगमंचावर एकट्यानंच फोनवर बोलणारा आणि पलीकडचा आवाज कधीच न ऐकवणारा स्टँडअप कलाकार, मग दोन गाजलेल्या विनोदी मालिकांचा नायक. त्यावर आलेली पत्रं बघता या खेपेचं सदर त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न: ताई, तो खरंच हिशेबनीस होता, की नाव झाल्यावर रचलेली गोष्ट?

खरंच होता. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाची १९५२ सालची पदवी, मग लष्करात भरती, मग वकिलीचं शिक्षण अर्धवट, आणि शेवटी युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीत हिशेब लिहिण्याची नोकरी. पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, जुळली नाही की हा गृहस्थ पदरचे पैसे घालून मोकळा व्हायचा. किरकोळ फरक शोधण्यात तासन्तास घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असा त्याचा युक्तिवाद, आणि तो किस्सा तो जन्मभर सांगत आला. मी स्वतः ३१ वर्षं हिशेब खात्यात काढली. असल्याच एका फरकापायी रात्री साडेनऊपर्यंत खतावण्या उपसल्या आहेत. हा माणूस माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच आठवड्यात मी त्याला घरी पाठवलं असतं. तेवढाच तो रंगमंचावर लवकर गेला असता, म्हणा.

प्रश्न: एकट्यानंच फोनवर बोलत राहायचं, यात विशेष ते काय? शिवाय हे तंत्र त्याचं नव्हतंच, असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. शेली बर्मन हा दुसरा विनोदवीर त्याच्या आधीपासून फोनवरचे प्रवेश करायचा आणि न्यूहार्टनं आपलं उचललं म्हणून तो चिडलाही होता. पण असले प्रवेश बर्मनच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेले. ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळातल्या तबकड्यांवरही ते सापडतात.

न्यूहार्टच्या बाबतीत मला मोलाची वाटते ती त्यामागची अडचण. एड गॅलगर नावाच्या सहकाऱ्याबरोबर तो फोनवरचे विनोदी संवाद ध्वनिमुद्रित करून रेडिओ केंद्रांना पाठवायचा. त्यात काही कमाई झाली नाही. पुढे गॅलगरला न्यूयॉर्कला नोकरी लागली आणि तो निघून गेला. फोनचं पलीकडचं टोक रिकामं झालं, ते असं. न्यूहार्टनं ते भरलं नाही, तसंच ठेवलं.

त्याचा एक प्रवेश घ्या. एम्पायर स्टेट इमारतीवर पहारेकऱ्याची पहिली रात्र. नेमकं त्याच रात्री एक अजस्र वानर इमारतीवर चढू लागतं. पहारेकरी साहेबांना घरी फोन लावतो, उशिरा त्रास दिल्याबद्दल माफी मागतो आणि नम्रपणे कळवतो, की असा प्रसंग नियमपुस्तिकेत दिलेला नाही. वानर किती उंच? अठरा किंवा एकोणीस मजले. इमारतीत तेरावा मजला धरलाय की नाही (अशुभ म्हणून अमेरिकेत तो आकडा कित्येकदा गाळतात), यावर ते ठरणार! पेटी कॅशला ‘चालतंय’ म्हणणारा माणूस इथे एका मजल्याचा फरक सोडायला तयार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या जुन्या खात्यातले निदान तीन जण डोळ्यांसमोर आले.

मग मी एक उद्योग केला. ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत साहेबांचे न ऐकू येणारे संवाद कागदावर लिहून काढले. ते प्रत्येक विरामात चपखल बसले. म्हणजे तो नुसता गप्प राहत नव्हता, समोरचा बोलून होईपर्यंत खरोखर थांबत होता. नंतर साहेबांचे ते संवाद मी यजमानांना मोठ्यानं वाचायला लावले, आणि सगळा प्रवेश मेला. साहेब ऐकू आला की गंमत गेली. तो आपल्या मनात बोलतो तोवरच हसू येतं.

प्रश्न: नाइटक्लबात कधी कार्यक्रम न केलेल्या माणसाची रेकॉर्ड कशी काय निघाली?

डॅन सॉर्किन या शिकागोच्या रेडिओ निवेदकानं त्याच्या टेप वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवल्या. कंपनी म्हणाली, तुझा पुढचा कार्यक्रम ज्या क्लबात असेल तिथे मुद्रण करू. पुढचा क्लब नव्हताच, मागचाही नव्हता. मग ह्यूस्टनचा ‘टाइडलँड्स’ क्लब ठरवला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये तिथे मुद्रण झालं. पहिल्या कार्यक्रमानंतर लोकांनी परत बोलावलं तेव्हा याच्याकडचं सामान संपलेलं. मघाच्यातलं कुठलं पुन्हा ऐकायचंय, असं त्यानं लोकांनाच विचारलं. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली विनोदी रेकॉर्ड. ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमीही तिलाच मिळालं.

प्रश्न: स्टँडअपवाले मालिकेत आले की नुसते विनोद फेकत सुटतात. हा तसा वाटत नाही. का?

कारण १९७२ च्या ‘द बॉब न्यूहार्ट शो’त त्याला ऐकायचंच काम दिलं होतं. डॉ. रॉबर्ट हार्टली, शिकागोतला मानसशास्त्रज्ञ. समोर येईल त्यानं बोलायचं, यानं पापणी हलवायची. फोनचं रिकामं टोक भरलं, पण न्यूहार्ट आपल्या जागेवरून हलला नाही. माझं ठाम मत आहे, की बाकीच्या पात्रांना हशे वाटून देणारा नायक मालिकेला सहा वर्षं पुरतो; सगळे हशे स्वतःकडे ओढणारा पुरत नाही. याच्या आधी १९६१ साली एनबीसी या वाहिनीवर त्याचा विविधरंगी कार्यक्रम झाला होता. त्या कार्यक्रमाला एमी आणि पीबडी ही दूरचित्रवाणीची मानाची पारितोषिकं मिळाली, आणि वर्षभरात तो बंद झाला.

हार्टली जोडप्याला मूल नको, हा त्याचाच आग्रह. बाप मूर्ख आणि मुलं त्याला सांभाळून घेतात, असल्या मालिका त्याला आवडत नसत. एकदा लेखकांनी बायको गरोदर असल्याचा भाग लिहून आणलाच. त्यानं वाचला, छान आहे म्हणाला, आणि विचारलं, बॉबचं काम कोण करणार?

प्रश्न: दुसऱ्या मालिकेचा शेवट एवढा का गाजला? मला काही कळला नाही.

पहिली मालिका पाहिलेली नसेल तर कळणार नाही, तुमची चूक नाही. ‘न्यूहार्ट’ (१९८२–१९९०) मध्ये तो व्हरमाँटमधल्या एका जुन्या खानावळवजा हॉटेलाचा मालक आहे, बायको वेगळी. शेवटच्या भागात त्याच्या डोक्याला गोल्फचा चेंडू लागतो, अंधार होतो, आणि तो दिवा लावतो तर पहिल्या मालिकेतली झोपायची खोली! शेजारी पहिल्या मालिकेतली बायको एमिली, म्हणजे सुझान प्लेशेट. आठ वर्षांची अख्खी मालिका डॉ. हार्टलीचं स्वप्न निघते. प्लेशेटला स्टुडिओत लपवून ठेवलं होतं. प्रेक्षकांनी आधी ओळखली ती खोलीच. माणसं दिसण्याआधी टाळ्या पडल्या. ही कल्पना आपल्या खऱ्या बायकोची, जिनीची, असं तो सांगायचा.

प्रश्न: या दोन मालिकांसाठी अभिनयाची किती एमी?

एकही नाही. अभिनयाचं पहिलं मिळालं ते २०१३ मध्ये, ८४ व्या वर्षी, ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेतल्या पाहुण्या भूमिकेसाठी.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बोलताना अडखळतो आणि त्याला स्टँडअप करायचंय. मी काय सांगू?

न्यूहार्टही अडखळायचा, आणि ते ओढूनताणून आणलेलं नव्हतं. मालिकेचा भाग लांबतोय म्हणून निर्मात्यानं त्याला अडखळणं जरा कमी करायला सांगितलं होतं. याच अडखळण्यावर आपण बेव्हर्ली हिल्समध्ये घर घेतलंय, असं उत्तर निर्मात्याला मिळालं.

पण उगाच धीर देत नाही. न्यूहार्टचं अडखळणं हलकं होतं आणि त्याच्या बावरलेल्या पात्रांना ते शोभायचं. मुलाला बोलताना त्रास होत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा, तो विषय वेगळा. विनोदापुरतं एवढंच सांगा, की स्वतःच्या बोलण्याच्या चालीनं लिही, दुसऱ्या कुणाच्या वेगानं नको. आणि त्यानं काही मुद्रित केलं तर मला ऐकायला आवडेल. थांबण्याच्या जागा कापू नका म्हणावं.