पॅन न्यूजरीडर टाकला, पण सर्व्हरच्या रकान्यात काय भरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीच्या गाइडनी कॉम्प.लँग.फोर्ट्रान हा फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेवरचा न्यूजग्रुप, म्हणजे यूजनेट या जुन्या चर्चा-जाळ्यातला गट, वाचायला सांगितला. गूगल ग्रुप्समध्ये 2024च्या फेब्रुवारीनंतरचे काहीच दिसत नाही. कोणीतरी सुचवले म्हणून उबुंटूवर पॅन हे न्यूजग्रुप वाचायचे सॉफ्टवेअर टाकले, तर ते उघडताक्षणी सर्व्हरचा पत्ता मागते. शिवाय चाचणी म्हणून मराठीत लिहून पाहिले तर नुसती प्रश्नचिन्हे उमटली.

ग्रुप बंद पडलेला नाही. 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलने यूजनेटवरचे नवे लेख घेणे आणि पाठवणे थांबवले, एवढेच झाले. जुने लेख तिथे अजून वाचता येतात, त्यामुळे ग्रुप त्या दिवशी मेला असे वाटते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऑफिसातला जुना फोर्ट्रान कोड सांभाळताना कितीदा तरी याच ग्रुपचा आधार मिळाला. भाषेच्या मानक समितीवर काम केलेली माणसे तिथे लिहीत आली आहेत. एखादा कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूप करणारा प्रोग्राम) अमुक ओळीवर का अडतो, याचे उत्तर तिथे मानकातल्या नेमक्या कलमासह मिळते. गाइडनी योग्य तेच सांगितले आहे.

सर्व्हर का लागतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक खिडकी आपोआप कळेल. यूजनेटची कल्पना 1979 साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांची. त्याला मध्यवर्ती कचेरी अशी नाहीच. जगभरचे सर्व्हर एकमेकांना लेख पोचवतात आणि आपण त्यातल्या एकाच्या दारात उभे राहून वाचतो. पूर्वी इंटरनेट कनेक्शनबरोबरच असा सर्व्हर मिळायचा. आता तो आपला आपण निवडायचा.

फक्त मजकुराच्या ग्रुपांसाठी मी इटर्नल सप्टेंबर हा मोफत सर्व्हर वापरतो. त्यांच्या साइटवर नोंदणी करून नाव आणि पासवर्ड घ्या. पॅनमध्ये पत्ता news, मग eternal-september, मग org असा इंग्रजीत, मध्ये टिंबे देऊन लिहा, म्हणजे न्यूज.इटर्नल-सप्टेंबर.ऑर्ग. पोर्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या क्रमांकाच्या, जागी आपोआप 119 येते. ते खोडून 563 करा आणि त्याच खिडकीत खाली सुरक्षित जोडणीचा पर्याय निवडा. 119 वर तुमचा पासवर्ड उघडा जातो, 563 वर तो कुलूपबंद जातो. जुने लेख दोन आठवड्यांनी काढून टाकायचे का, असा पर्याय तिथेच असतो. फोर्ट्रानसारख्या ग्रुपात एखादा धागा, म्हणजे एका विषयावरची प्रश्नोत्तरांची साखळी, महिनाभर चालतो, म्हणून मी तो काळ वाढवून ठेवला आहे.

जतन केले की पॅन ग्रुपांची यादी उतरवून घेते. यादी प्रचंड असते, घाबरू नका. वरच्या शोधाच्या रकान्यात fortran टाइप करा, ग्रुप दिसला की उजवी क्लिक करून सबस्क्राइब करा आणि मग त्यावर डबल क्लिक करा. किती शीर्षके आणायची ते पॅन विचारेल. ‘सगळी’ निवडू नका. शेवटच्या तीस दिवसांची आणा. नाहीतर वर्षांचा साठा अंगावर येतो आणि माणूस वाचायच्या आधीच कंटाळतो.

डावीकडे ग्रुप, उजवीकडे वर शीर्षके, खाली लेख अशी मांडणी असते. माउस बाजूला ठेवून स्पेसबार वापरायची सवय लावा. लेख संपेपर्यंत तो खाली सरकतो, संपला की पुढचा न वाचलेला लेख उघडतो. एन दाबले की थेट पुढचा न वाचलेला. एफ म्हणजे ग्रुपात उत्तर, आर म्हणजे त्या माणसाला खासगी मेल. या दोन अक्षरांत गल्लत करू नका. नाहीतर ग्रुपला उपयोगी पडेल ते उत्तर एकाच्याच मेलमध्ये अडकून राहते, आणि तुम्ही वाट पाहत बसता की कोणी काही बोलत कसे नाही.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट: स्कोअरिंग. यूजनेटवर काय वर दिसावे हे कोणतीही कंपनी ठरवत नाही, त्यामुळे निवड करायचे काम तुमच्याकडे येते. पॅनमध्ये लेखावर नियम लावता येतो: लेखक अमुक असेल किंवा विषयात तमुक शब्द असेल तर इतके गुण वाढवा किंवा कमी करा. उणे 9999 म्हणजे तो लेख तुमच्यापुरता नाहीसाच, अधिक 9999 म्हणजे त्यावर खास लक्ष. पहिले दोन आठवडे एकही नियम लावू नका, नुसते वाचा. कोण नेटके उत्तर देतो, कोण प्रत्येक धाग्यात तेच भांडण उकरून काढतो, हे तेवढ्यात कळते. मग जाणत्यांना गुण द्या, जाहिरातबाजांना उणे 9999. महिन्याभरात ग्रुप तुमच्या कामाचा होतो. मी कोअ‍ॅरे हा शब्द विषयात आला की गुण वाढवतो, कारण ती फोर्ट्रानमधली समांतर गणनेची सोय आहे आणि त्यावरचे धागे मला चुकवायचे नसतात. तुमचा विषय जो असेल त्याचे चारपाच शब्द असेच घाला. नियमाला मुदतही घालता येते, म्हणजे एखादा तापलेला वाद महिनाभर दूर ठेवून पुन्हा पाहता येतो.

मराठीच्या प्रश्नचिन्हांचे कारण बहुधा एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे संगणकात साठवायची पद्धत. ग्रुपवर उजवी क्लिक करून त्याच्या प्राधान्यांमध्ये कॅरेक्टर एन्कोडिंग युनिकोड, यूटीएफ-8 करा आणि लिहायच्या खिडकीतही तेच आहे ना, ते पाठवण्याआधी पाहा. प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले, तर एन्कोडिंग ठीक आहे पण देवनागरी फॉन्ट नाही असे समजा. लोहित किंवा नोटो देवनागरी टाकले की काम होते. नव्वदच्या दशकात ही सोय नव्हती. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या ग्रुपात परदेशातली मराठी मंडळी रोमन लिपीत, आयट्रान्ससारख्या लिप्यंतराच्या पद्धतींनी मराठी लिहायची. ते जुने लेख वाचताना मला आजही भरून येते. घरापासून इतक्या लांब बसून, हाताशी लिपी नसताना, ती माणसे आपल्या भाषेत बोलत राहिली. फोर्ट्रानच्या ग्रुपात मात्र इंग्रजीतच लिहा, तिथली भाषा तीच आहे.

लिहिण्याआधी प्रोफाइल तयार करा. नाव खरे द्या. मेलचा पत्ता मात्र उघडा दिला तर स्पॅम येणारच, कारण लेख जगभरच्या सर्व्हरांवर जातो आणि एकदा गेलेला परत बोलावण्याची खात्रीची सोय नाही. लेखाखाली आपोआप जोडली जाणारी सही चार ओळींच्या आत ठेवा. पॅन याबाबतीत चांगल्या शिक्षकासारखे वागते. उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहिले, सगळा मूळ मजकूर तसाच ठेवला, ओळ 80 अक्षरांपुढे गेली किंवा सही लांबली, तर पाठवण्याआधी ते टोकते. त्या सूचना बंद करण्याचा मार्ग शोधू नका. मूळ लेखातल्या हव्या तेवढ्याच ओळी ठेवून त्यांच्या खाली उत्तर लिहायचे, हा तिथला रिवाज आहे आणि वाचणाऱ्याला त्याने खरोखर सोपे जाते. पहिला लेख ग्रुपात न टाकता मिस्क.टेस्ट या चाचणीच्या ग्रुपात टाका, थोड्या वेळाने तो दिसतोय का, अक्षरे नीट आली का ते पाहा. कोड पाठवणार असाल तर लेखाच्या भागासाठी समान रुंदीचा फॉन्ट सुरू करा, नाहीतर जुन्या फोर्ट्रानमधले सहा मोकळे रकाने मोजताच येत नाहीत.

विंडोजवरून वाचायची वेळ आली तर थंडरबर्डमध्ये न्यूजग्रुपचे खाते उघडता येते, तेही मुक्त स्रोताचेच आहे. पण त्यात पॅनसारखे स्कोअरिंग नाही, म्हणून मी परत पॅनकडेच येतो. पॅनमध्ये दुसरा सर्व्हरही जोडता येतो. जीमेन नावाचा सर्व्हर मुक्त स्रोताच्या प्रकल्पांच्या मेलिंग याद्या न्यूजग्रुपच्या रूपात दाखवतो. जीफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर ज्यात येतो त्या जीसीसी या कंपायलर-संचाच्या चर्चा मी तिथूनच वाचतो.

एक काम मात्र आजच करा. तुम्ही काय वाचले हे सर्व्हरला माहीत नसते, ते तुमच्याच संगणकावर नोंदले जाते. होम फोल्डरमध्ये पॅन2 नावाचे, टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर असते. त्यात तुमचे ग्रुप, वाचल्याच्या खुणा, सर्व्हरची माहिती असते. मी एकदा डिस्क फॉरमॅट करताना हे विसरलो, आणि चार वर्षांत एकेक करून जमवलेले नियम गेले. स्कोअरची फाइल कुठे आहे तेही पाहून ठेवा, कारण ती कधी कधी या फोल्डरच्या बाहेर असते. दोन्हींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. पासवर्डही त्यातच असू शकतो, तेव्हा तो पेन ड्राइव्ह कोणाला देऊ नका.

जोडणी करताना काही अडले तर पॅनमधली इव्हेंट लॉगची खिडकी उघडा आणि तिथली शेवटची ओळ इथे जशीच्या तशी लिहा. नाव-पासवर्ड चुकला की पोर्ट, हे त्या ओळीवरून सांगता येईल.