वाचकांचे प्रश्न : मोटारसायकल चोरीला गेली, विमा कंपनी ‘उशीर झाला’ म्हणते

प्रश्न : गेल्या महिन्यात संध्याकाळी राजवाड्याजवळ काही कामासाठी गेलो असताना मी मोटारसायकल कृष्णपुरा छत्रीच्या बाजूला लावली होती. तासाभराने परतलो तर गाडी जागेवर नव्हती. वाहतूक पोलिसांच्या क्रेनने उचलली असेल असे वाटून आधी तिकडे विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला, परंतु ‘आधी तुम्हीच आसपास शोधा’ असे सांगून एफआयआर सातव्या दिवशी नोंदवण्यात आली. तिची प्रत हाती आल्यावर मी विमा कंपनीला कळवले. आता कंपनीचे पत्र आले आहे, की पोलिसांना व कंपनीला उशिरा कळवले आणि दुसरी किल्ली जमा केली नाही, म्हणून दावा का नाकारू नये. गाडी तीन वर्षांची आहे आणि बँकेच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पैसे मिळतील का? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपला दावा बुडालेला नाही. ज्या कागदाचा आपण प्रश्नात ओझरता उल्लेख केला आहे, तो शिक्का मारलेला अर्जच आपल्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. त्याच्या चार छायाप्रती आजच काढून ठेवाव्यात आणि मूळ प्रत कोणालाही देऊ नये. चोरीची वर्दी आपण दुसऱ्या दिवशी सकाळीच दिली होती. ती एफआयआरच्या रूपात नोंदवण्यास पुढे जो वेळ लागला तो ठाण्याचा होता, आपला नव्हता, हे त्या शिक्क्यावरच्या तारखेने सिद्ध होते. कंपनीला द्यायच्या उत्तराचा पहिला परिच्छेद याच मुद्द्याचा असावा.

कंपनीला उशिरा कळवल्याच्या आक्षेपाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदरसिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात स्पष्ट निर्णय दिला आहे. तेथे एफआयआर चोरीच्याच दिवशी नोंदवली गेली होती, पण कंपनीला सुमारे दीड महिन्याने कळवण्यात आले होते. चोरीची वर्दी पोलिसांना तातडीने दिलेली असेल आणि चोरी खरी असल्याचे आढळले असेल, तर केवळ कंपनीला कळवण्यास विलंब झाला या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. 2022 मध्ये जैना कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली. विमा नियामक प्राधिकरणाने तर सप्टेंबर 2011 मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावले होते, की अटळ कारणांमुळे झालेल्या विलंबाचे निमित्त करून खरे दावे फेटाळू नयेत. आपल्या पत्रात या तिन्ही गोष्टी वर्षासह नमूद कराव्यात.

ज्यांच्यावर अशी वेळ पुढे येईल त्यांच्यासाठी येथेच सांगतो, की ठाण्यातून परत पाठवले तरी हात हलवत घरी येऊ नये. त्याच रात्री 112 वर फोन करावा आणि कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर दावा नोंदवून त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. मध्य प्रदेश पोलिसांनी 2021 पासून वाहनचोरीसाठी ई-एफआयआरची सोय केली आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या वर्दीवर तीन दिवसांत सही केली की ती नोंदवली जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनाशुल्क देणे याच कलमाने बंधनकारक आहे. आसपासच्या दुकानदारांना कॅमेऱ्यातले चित्रण जपून ठेवण्याची विनंतीही त्याच दिवशी करावी, कारण त्यांच्या यंत्रांत जुने चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते.

आता किल्लीचा प्रश्न. कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, कारण गाडीला किल्ली तशीच लावून मालक निघून गेला असेल तर तो निष्काळजीपणा ठरतो. मात्र एक किल्ली कमी आहे एवढ्यावरून तसे गृहीत धरता येत नाही. निष्काळजीपणा झाल्याचे कंपनी म्हणत असेल तर ते तिनेच सिद्ध करायचे असते. आपली दुसरी किल्ली घरात सापडत असेल तर ती पावती घेऊन जमा करावी. हरवली असेल तर केव्हा आणि कशी हरवली हे खरे तेच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे. बाजारातून नवी किल्ली करून ती मूळ म्हणून देण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये. कंपनीचा माणूस किल्ली तपासून घेतो, आणि एक खोटी वस्तू पुढे आली की आपल्या खऱ्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

याच संदर्भात एका गोष्टीकडे मी आपले कळकळीने लक्ष वेधतो. कंपनीने नेमलेला तपासनीस घरी येतो, चहा घेता घेता विचारपूस करतो, आपला जबाब स्वतःच्या हस्ताक्षरात हिंदीत लिहितो आणि खाली सही मागतो. गप्पांच्या ओघात आपण ‘किल्ली बहुधा खिशातच होती’ असे म्हटलेले असते आणि कागदावर ‘चाबी संभवतः गाड़ी में छूट गई थी’ असे उतरलेले असू शकते. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी, चुकीची ओळ खोडून शेजारी सही करावी, कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही देऊच नये आणि जबाबाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. समजा किल्ली खरोखरच गाडीला राहिली असती, तरी सर्व संपले असे नव्हते; 2023 मध्ये ट्रकचालकाने किल्ली गाडीतच ठेवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमाधारकाला 75 टक्के रक्कम देवविली होती.

किती पैसे मिळतील हेही आपण समजून घेतले पाहिजे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘आयडीव्ही’ म्हणून जी रक्कम छापलेली असते, ती संपूर्ण चोरीच्या दाव्यात त्या पॉलिसी-वर्षापुरती गाडीची किंमत मानली जाते. घसारा ती रक्कम ठरवतानाच वजा झालेला असतो (दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के), त्यामुळे दावा देताना तो पुन्हा कापता येत नाही. दुचाकीसाठीची सक्तीची वजावट (दाव्यातली मालकाने स्वतः सोसायची रक्कम) सर्वसाधारणपणे केवळ 100 रुपये असते. यापेक्षा मोठी कपात सुचवणारे पत्र आले तर ‘संपूर्ण व अंतिम’ अशा शब्दांच्या पावतीवर सही करण्यापूर्वी कपातीचे लेखी कारण मागावे. कर्ज शिल्लक असल्याने त्यातून आधी बँकेची बाकी भागवली जाईल आणि उरलेली रक्कम आपल्याला मिळेल. तोपर्यंत हप्ते थांबवू नयेत, कारण गाडी गेली तरी कर्ज जात नाही आणि थकबाकीची नोंद आपल्याच नावावर होते.

कंपनी पोलिसांचा अंतिम, म्हणजे गाडीचा शोध लागला नाही असे सांगून तपास बंद करणारा ‘खात्मा’ अहवालही मागेल. तपासाची प्रगती फिर्यादीला 90 दिवसांत कळवणे आता पोलिसांना कायद्याने भाग आहे, याचा आधार घेऊन ठाण्यात टीआय (ठाणे प्रभारी) साहेबांच्या नावे हिंदीत विनंती अर्ज द्यावा. दरम्यान नायता मुंडला येथील आरटीओ कार्यालयातही एफआयआरची प्रत जोडून चोरीची सूचना द्यावी, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होण्याचा धोका कमी होईल.

एवढे करूनही नकार आला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. महिनाभरात उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला असतो, परंतु एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. दुचाकीच्या रकमेसाठी आधी लोकपाल, असेच मी सुचवीन.

प्रश्न : मी जुनी मोटारसायकल विकत घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली आणि गाडी चोरीला गेली. (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : आपल्याला खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. गाडी विकली गेली की तृतीय पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग मात्र जात नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आपण असा अर्ज, ई-मेल किंवा एजंटला दिलेले कागद काही दाखवू शकत असाल तरच दाव्यात जीव आहे. नव्या गाडीच्या मालकांनीही पॉलिसी एकदा उघडून पाहावी, कारण 2018 पासून दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळतो, पण चोरीचे संरक्षण देणारा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि ‘विमा आहे’ या समजुतीत तो संपून गेलेला असतो.

प्रश्न : दावा प्रलंबित असतानाच पोलिसांना माझी गाडी देवासला सापडली. आता काय करावे? (एक वाचक, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण ही माहिती दडवली तर ती फसवणूक ठरेल. गाडी ताब्यात घेण्यासाठी न्यायालयात सुपुर्दगीचा अर्ज करावा लागतो. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले आहे. गाडी हाती आल्यावर तिची मोडतोड झाली असेल किंवा सुटे भाग काढून घेतलेले असतील, तर दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढून कंपनीच्या सर्वेक्षकाला पाहणीसाठी बोलवावे आणि चोरीचा दावा नुकसानीच्या दाव्यात बदलून मागावा.