जप्ती नको, ठेव

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नववीतल्या त्या मुलाचा फोन गेल्या आठवड्यापासून मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे आणि पालक आल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरलंय. रील बघताना सापडला, चूक त्याची, हे तुला पटतं. तरी तो तुझ्याकडे मान वर करून बघत नाही, हे तुला टोचतंय. शिक्षणसेवक म्हणून लागून सहा महिने झाले नाहीत, वरिष्ठांपुढे तोंड कसं उघडू, असं विचारतेस.

शाळेच्या वेळात फोन मुलांच्या हातात नको, यावर आपलं दुमत नाही, त्यात वेळ घालवत नाही. माझं सांगणं एकच आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. फोन जप्त करायचा नाही, ठेवून घ्यायचा. सकाळी सगळ्यांचा घ्यायचा, शाळा सुटताना सगळ्यांना द्यायचा. एकट्याचा कधीही घ्यायचा नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. २०१७ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. बीडकडच्या मुलीला ते काय समजावून सांगायचं! हा आजीजवळ राहिलेला. बाकाखाली फोन धरून खेळ खेळताना सापडला. मी फोन घेतला, लोखंडी कपाटात टाकला आणि भर वर्गात म्हटलं, "बापाला घेऊन ये." बाप कर्नाटकात, उसाच्या फडात. मला माहीत होतं ते. तरी म्हटलं, आणि एकदा वर्गासमोर बोलल्यावर शब्द मागे घ्यायला मन तयार होईना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हजेरी भरत बसले होते. कपाटातून घुंऽ घुंऽ आवाज येत होता. फळीवर फोन थरथरत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. दार उघडलं असतं तर 'आई' असं नाव दिसलं असतं. मी उघडलं नाही. चौथ्या दिवशी आवाज बंद झाला, तेव्हा मला बरंच वाटलं. चार्जिंग उतरलं होतं. तिकडे फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, त्या माउलीला दिवसभर 'फोन बंद आहे' एवढंच ऐकू येत होतं. तिचा नंबर त्या फोनमध्येच होता, आजीला की पोराला, कुणालाच पाठ नव्हता.

सातव्या दिवशी बाप आला. खाडा पाडून, मुकादमाची बोलणी खाऊन. मी भांडणाच्या तयारीत होते. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "लेकरू नीट हाय का, येवढंच बघाया आलो, बाई."

पुढच्या दिवाळीला तो मुलगा आईबापाबरोबर गेला. माझ्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला हात लागतात, त्यापुढे शाळेची बाई कोण? पण त्याचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही, आणि ते कपाट मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर मी परीक्षेच्या कागदांची पत्र्याची पेटी घेतली. जुन्या पडद्याचं कापड फाडून कप्पे शिवले, प्रत्येकावर हजेरी क्रमांक घातला. पहिल्या कप्प्यात माझा फोन. निवृत्त होईपर्यंत तो नेम मोडला नाही. सहकारी म्हणायचे, बाई, काही हरवलं तर भरून कोण देणार? एकदा एका मुलीच्या फोनची काच तडकली, ती मी पदरच्या पैशांनी बसवून दिली. भरून दिलं म्हणून तर ठेव. ठेव घेणारा जबाबदार असतो, जप्ती करणाऱ्याला फक्त अधिकार असतो.

तू विचारतेस, मग शाळेत फोन आणायलाच बंदी का नको? अगं, नऊ किलोमीटरवरून एसटीने येणारी मुलगी गाडी चुकली तर घरी कळवणार कशी? आणि कोरोनात अभ्यास पाठवायला त्यांच्या घरी फोन घ्या म्हणून मागे लागलो ते आपणच. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात आलंय, १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातल्या ७६ टक्के मुलांनी त्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता आणि ५७ टक्के मुलांनी अभ्यासासाठी. म्हणजे अभ्यासही त्याच वस्तूवर चाललाय. ती वस्तू पोरांच्या आयुष्यातून आपल्याला उपटता येणार नाही. शाळेचे सहा तास तेवढे आपल्या हातात आहेत.

मुख्याध्यापकांना सांगायला आधार हवा ना? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत सरसकट बंदी नको म्हटलं आणि शक्य असेल तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करून घरी जाताना परत द्यावेत, असं सांगितलं. आणि आपल्याच राज्यातलं बघ. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. पोरांचा बंद आणि बापाचा चालू, असं तिथे नाही. सगळ्यांचा! भोंगा कुणा एकाचं नाव घेत नाही.

पेटीत पहिल्या तासाची दहा मिनिटं जातात, अभ्यासक्रम कसा संपेल, ही तुझी ओळ वाचून मात्र मला राग आला. जाऊ देत दहा मिनिटं! पंधरा दिवसांत पोरं स्वतःच रांग लावतात, दोन मिनिटांत उरकतं. तू सध्या तासातून चार वेळा "कुणाच्या हातात आहे रे?" म्हणून थांबतेस, ती मिनिटं कोण मोजतंय?

आणि स्टाफरूममधले हसतील. हसू देत. मला त्यांनी हट्टी म्हटलं, निरोपाच्या भाषणातही म्हटलं. मी हट्टी होतेच. सात दिवस चुकीच्या गोष्टीवर अडून बसले होते, मग बरोबर गोष्टीवर सहा वर्षं का नाही बसायचं?

पेटीचं नंतर बघू. आधी तो फोन. हे पत्र मिळेल त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा, माझं नाव सांग हवं तर, आणि मागून घे. पालकांची वाट बघू नकोस. वर्गासमोर देऊ नकोस, शाळा सुटल्यावर त्याच्या हातात दे. चार्जिंग उतरलं असेल, मधल्या सुट्टीत ऑफिसात लावून ठेव.

तुझी,
बाई