बाळाला वाचून दाखवत नाही म्हणून मी वाईट आई आहे का?

"मॅडम, मी त्याला रोज वाचून दाखवत नाहीये, त्याचा मेंदू मागे पडेल का?" समुपदेशन करताना हा प्रश्न हल्ली मला सारखा येतो. ज्या मुलीमुळे मी या प्रश्नाकडे वेगळं बघायला लागले तिची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाळ अडीच महिन्यांचं, ही आयटीतली, २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह, सव्वा महिना माहेरी काढून पुण्याला सासरी आलेली. सासूबाई सोबत होत्या, त्या बाहेर बसल्या. आत आल्या आल्या तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, त्यावर ऑनलाईन मागवलेल्या नऊ पुस्तकांची नावं आणि खाली तारखा, आणि बहुतेक प्रत्येक तारखेपुढे फुली. रोज १५ मिनिटं वाचायचं ठरवलेलं, जमलं फक्त दोन दिवस. "तो टकामका बघतो माझ्याकडे आणि मला काही बोलायलाच सुचत नाही, बाकीच्या आया कसं करतात सगळं?"

आणि मी काय केलं, तर लहानपणी वाचून दाखवण्याचे फायदे सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांत तिचा चेहरा असा उतरला की मी थांबले. तिला फायदे माहीतच होते, त्या फायद्यांचंच तर ओझं झालेलं. मग विचारलं, अगं तुझी झोप किती होते? त्यावर जी रडायला लागली ती बराच वेळ.

तिला सलग दोन तासांवर झोप नव्हती, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नव्हती, जेवणावरची वासना गेलेली, आवडतं काहीच करावंसं वाटत नव्हतं आणि हे महिनाभर तरी चाललेलं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, चिडचिड होते ते खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्याच्यापुढे टिकलं तर मात्र "होतं गं असं" म्हणून सोडायचं नसतं. मी एडिंबरा स्केल, म्हणजे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची प्रश्नावली, भरून घेतली, १० प्रश्नांची असते, गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, १९८७ पासून वापरात आहे. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो आणि तो मी नेहमी तोंडीसुद्धा विचारते, स्पष्ट शब्दांत. विचारल्याने असे विचार डोक्यात येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. तिला तसे विचार नव्हते पण स्कोअर जास्त होता, म्हणून त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे पाठवलं आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण बाळंतपणानंतर या दोन्ही गोष्टी बिघडल्या की थकवा आणि उदासी अशीच दिसते. दूध पाजताना चालतील अशी औषधं असतात, ते डॉक्टर बघून ठरवतात, त्यामुळे "अंगावर पाजतेय म्हणून गोळ्या नकोत" असं घरी परस्पर ठरवू नका प्लीज.

आपल्याकडे हे नसतं असं म्हणणाऱ्यांसाठी, २००२ साली गोव्यातल्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी साधारण चारात एकीला डिप्रेशन होतं. चारात एक म्हणजे तुमच्या नात्यात नक्की कोणीतरी आहे.

पुस्तकांचं काय? मी म्हटलं, दोन आठवडे सगळी कपाटात ठेव, तो कागद इथेच राहू दे.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. माणूस चांगला, पण बाळ अंगावर पितंय म्हणजे रात्र आईचीच, हे त्याने गृहीत धरलेलं. ठरवलं असं की तिने दहाला पाजायचं, काढलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या खोलीत दार लावून तीनपर्यंत झोपायचं, मधलं एक दूध त्याने कोमट करून वाटी-चमच्याने पाजायचं. पहिल्या रात्री बाळ खूप रडलं, ही उठून आली, तिसऱ्या रात्रीपासून जमलं. सलग पाच तासांची झोप मिळाल्यावर माणूस किती बदलतो हे मी दरवेळी बघते आणि तरीही दरवेळी आश्चर्य वाटतं.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेक-मालिश सगळं मनापासून केलेलं, त्यामुळे "एवढं करून हिला काय झालंय" हा त्यांचा प्रश्न मला समजत होता. त्यांच्याशी वेगळं बोलले. आधी म्हणाल्या आमच्या वेळी असं काही नव्हतं. मग जरा वेळाने खाली बघत म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी मी मोरीत नळ सोडून रडायचे, पण सांगणार कोणाला." हे त्यांनी घरी जाऊन सुनेलाही सांगितलं. माझ्या सगळ्या सेशन्सपेक्षा त्या एका वाक्याचा जास्त उपयोग झाला असं मला खरंच वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिनेच पुस्तकांचा विषय काढला, तोही तक्रारीच्या सुरात. सासूबाई सकाळी पोथी वाचतात तेव्हा बाळ मांडीवर असतं आणि हातपाय हलवायचं थांबून ऐकत राहतं, "त्यांचं ऐकतो, माझ्याकडे वाचायला घेतलं की कंटाळतो." म्हटलं, अगं म्हणजे तुमच्या घरात बाळाला रोज वाचून दाखवणं चालूच आहे की! पोथीतलं त्याला काय कळतं, पण लय कळते, आवाज कळतो. १९८६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली आणि जन्मानंतर ती बाळं नव्या गोष्टीपेक्षा तीच ऐकण्यासाठी तोंडातली चोखणी चोखण्याची लय बदलत होती. तिला विचारलं, पोटात असताना तू मोठ्याने काय बोलायचीस? "ऑफिसचे कॉल्स." आणि तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग पुस्तकाचा हट्टच सोडून दिला. घरात जुने दिवाळी अंक पडलेले, तिला आधी आवडायचे, म्हटलं ते वाच, तुला आवडतं ते, पाच मिनिटं, मोठ्याने. या वयात बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा. एखादं वाक्य वाचलं की थांबायचं, त्याने हूं केलं की त्याचं बोलणं झालं, मग आपण पुढचं. कंटाळला, तोंड फिरवलं की बंद, उद्या बघू. नवरा फोनवर बडबडगीतं लावून द्यायचा ते बंद केलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये एका वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच म्हटलंय, आणि व्हिडिओ बाळाच्या हूं ला थांबत नाही. त्याऐवजी तीच गीतं तो स्वतः म्हणतो, बेसूर का असेना, अंघोळीनंतर ती त्याचीच ड्युटी आहे आता.

हे वाचताना कोणाला स्वतःचंच वाटत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आणि जीव नकोसा होणं, बाळाला काही करून टाकावंसं वाटणं, भास होणं असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, एकटीने नाही, कोणाला तरी सोबत घेऊन.

मागच्या महिन्यात आली होती, बाळ आता सात महिन्यांचं. गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत हे तिला पक्कं माहितीये. कपाटातली पुस्तकं तिने आपणहून बाहेर काढलीत आणि तिची नवी काळजी अशी की तो वाचू देतच नाही, पानं ओढतो, फाडतो, तोंडात घालतो. या वयात पुस्तक असंच वाचतात, जाड पुठ्ठ्याची किंवा कापडी, धुता येतील अशी आण म्हटलं. दिवाळी अंक तेवढे वरच्या फळीवर ठेव.